७२ तासांचं घर

फिनलंडमध्ये नागरिकांना दिल्या जाणाऱ्या सूचनांत एक आकडा सतत भेटतो: ७२ तास. वीज गेली, नळ कोरडे पडले, दुकानं बंद झाली, तरी प्रत्येक घराने निदान तीन दिवस बाहेरच्या मदतीवाचून निभावून न्यावं. माणशी रोज दोन लिटर पिण्याचं पाणी, न शिजवता खाता येईल असं काहीतरी, सेलवर चालणारा रेडिओ, टॉर्च, नेहमीची औषधं, अणुअपघात झाला तर घ्यायच्या आयोडीनच्या गोळ्या, थोडी रोकड. शेजारी रशिया, सीमा तेराशे किलोमीटरहून लांब, त्यात हिवाळा असा, म्हणून इथे याची कुणाला भीतीही वाटत नाही आणि नवलही. मोठ्या निवासी इमारतींत आश्रयाची जागा बांधणं कायद्यानेच सक्तीचं आहे. हेलसिंकीतल्या आमच्या इमारतीत तिथे एरवी सायकली असतात.

यामागचं कारण मला फार पटलं. धडधाकट माणसांनी आपापलं तीन दिवस सांभाळलं, तर मदतीला निघालेली माणसं आजारी, अंथरुणाला खिळलेल्या, एकट्या राहणाऱ्या लोकांपर्यंत आधी पोचतात. म्हणजे ही साठवण केवळ स्वतःपुरती नाही.

मुंबईला यात नवं काय, असं तुम्ही म्हणाल. खरंय. लालबागच्या चाळीत माझ्या आजीच्या दहा बाय बाराच्या खोलीत मे महिन्यातच पावसाळ्याची बेगमी झालेली असे. डाळींना एरंडेल लावून डबे भरलेले, पापड-कुरडया वाळवून ठेवलेल्या, मोरीत पिंप काठोकाठ. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा लोकांनी अनोळखी माणसांना घरात घेऊन खाऊ घातलं, ते डब्यांत काहीतरी होतं म्हणूनच. आता दहा मिनिटांत सगळं दारात येतं, त्यामुळे बऱ्याच घरांत दोन दिवसांचीही डाळ नसते. मला याची खरोखर काळजी वाटते.

१२ ऑक्टोबर २०२०ची सकाळ आठवा. वीजवाहिन्यांत बिघाड झाला आणि लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. वीज नसली की सोसायटीतली लिफ्ट बंद, पंप बंद, म्हणजे वरच्या टाकीतलं पाणी संपलं की नळही बंद. मोबाइलचे टॉवरही बॅटरीवर किती वेळ चालणार? २८ एप्रिल २०२५ला स्पेन आणि पोर्तुगालमध्ये वीज गेली तेव्हा कार्डावर पैसे घेणं ठिकठिकाणी थांबलं. खिशात नोटा असलेल्यालाच ब्रेड मिळाला. आपल्याकडे तर भाजीसुद्धा क्यूआर कोडवर. तेव्हा दहा, वीस, पन्नासच्या नोटांची एक लहानशी गड्डी घरात असू द्या.

पण मुंबईच्या घरांत मला सर्वांत मोठी उणीव दिसते ती डाळ-तांदळाची नाही. आपले फोटो, विम्याचे कागद, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, आईबाबांचे तपासणी अहवाल, सगळं दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर आहे आणि त्याची किल्ली म्हणजे एक फोन नंबर. माझ्या मैत्रिणीचे वडील गेले, त्यांचं सिमकार्ड बंद झालं, आणि ओटीपी येणार तरी कुठे? त्यांच्या ईमेलमधले वीस वर्षांचे कागद आणि फोटो अजून कुणाला उघडता आलेले नाहीत.

यावर उपाय महाग नाही. ऑक्टोबर २०२५मध्ये विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला, तेव्हा चांगले चालणारे कितीतरी लॅपटॉप निकामी ठरवले गेले. त्यांच्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम टाका. १९९१मध्ये याच हेलसिंकीतल्या विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने ते सुरू केलं, फुकट आहे, मराठी उत्तम लिहिता येतं. आईबाबांच्या परळच्या घरी मी असाच एक जुना लॅपटॉप ठेवला आहे, दुसरा इथे. सिंकथिंग नावाचा मुक्त प्रोग्राम दोन्हीकडचे फोल्डर सारखे ठेवतो, मध्ये कुठल्याच कंपनीची साठवणूक नाही. परळला पाणी शिरलं तरी कागद हेलसिंकीत आहेत.

मात्र एवढ्याला बॅकअप समजू नका. इकडे चुकून पुसलं की तिकडेही पुसलं जातं. म्हणून तिसरी प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर, पासवर्डने कुलूपबंद करून, आणि ती डिस्क एरवी कशालाही न जोडता. मुंबईच्या दमट हवेत ती घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि अधूनमधून उघडून फाइली खरंच वाचता येतात का ते बघा. हे बघणं लोक टाळतात, आणि न तपासलेल्या प्रतीवर विसंबणं धोक्याचं आहे.

किविक्ससारख्या ॲपमध्ये विकिपीडिया नेटशिवाय वाचता येतो, ऑरगॅनिक मॅप्समध्ये अख्ख्या मुंबईचा नकाशा फोनवर राहतो. दोन्ही आजच उतरवून घ्या. आणि महत्त्वाचे दहा-बारा फोन नंबर कागदावर लिहा. आपल्या भावाचा नंबर तोंडपाठ असलेले किती जण उरलेत?

आईने या सगळ्यात एक भर घातली, ती मला सर्वांत मोलाची वाटते. त्यांच्या इमारतीत एकटे राहणारे वृद्ध कोण, ऑक्सिजन यंत्र कुणाकडे आहे, इन्शुलिन फ्रिजमध्ये कोण ठेवतं, इन्व्हर्टर कुणाकडे आहे, याची यादी तिने घरोघर विचारून, ज्यांची हरकत नव्हती त्यांच्याच नावांनी केली. एक प्रत सेक्रेटरींकडे आहे, एक तिच्याकडे, दोन्ही कागदावर. पुढच्या सभेत पंपासाठी जनरेटर घेण्याचा विषय ती मांडणार आहे. तुमच्या सोसायटीत असा जनरेटर असेल तर तो किती मजल्यांना पुरतो आणि खर्च कसा वाटून घेतलात, ते मला जरूर कळवा, तिला पाठवायचं आहे.