हेलियम नेमका कुठं सापडला? विजयदुर्ग, जमखंडी आणि आमचा स्पेक्ट्रो

मागच्या बुधवारी रात्री जेवून हात धुतोय तोवर भाचीचा फोन. "मामा, उद्या टेस्ट हाय, आवर्तसारणीचा धडा काय केल्या डोक्यात बसंना, येऊ काय?" ये म्हटलं. पंधरा मिनिटात वही घेऊन हजर. दहावीला आहे. वही उघडली तर डोबेरायनरची त्रिकं, न्यूलँड्सची अष्टकं, मेंडेलीव्ह, मोस्ले, प्रत्येकाच्या खाली गुण चार, दोष चार, लाल पेननं चौकट. म्हणजे माणसं आयुष्यभर ज्याच्यापायी झुंजली ते सगळं दोन-दोन मार्काचं करून ठेवलंय. वाचून मलाच जांभई आली, तर त्या पोरीची काय चूक.

आता मी काय केमिस्ट्रीचा मास्तर नाही. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या लॅबमध्ये आहे, सोळा वर्षं झाली. आमच्याकडं मूलद्रव्य म्हणजे स्क्रीनवरचा आकडा. भट्टीत लोखंड तयार झालं की पोरगं चिल सँपल ओतून आणतं, नाण्यासारखी चकती, ती घासायची, स्पेक्ट्रोवर (म्हणजे धातूत कोण किती आहे ते सांगणारं मशीन) ठेवायची, बटण दाबलं की चर्र्र करून ठिणगी, आणि अर्ध्या मिनिटात कार्बन ३.४, सिलिकॉन २.१, मँगनीज, सल्फर, फॉस्फरस सगळ्यांची हजेरी. मग भट्टीवर फोन, सिलिकॉन कमी हाय, फेरोसिलिकॉन टाका. संपलं. यातला एकेक माल कुणाला कसा सापडला असेल हा विचार सोळा वर्षांत एकदाही केला नव्हता, विजयदुर्गला जाऊन येईपर्यंत.

पण आधी फॉस्फरस, कारण भाचीला पहिल्यांदा हसू आलं ते त्याच्यावरच. आमच्या धंद्यात फॉस्फरस वाढला की जॉब (ओतलेला भाग) ठिसूळ, आणि शिव्या लॅबला. तो शोधला हेनिग ब्रँड नावाच्या माणसानं, जर्मनीत हँबुर्गला, १६६९ साली. याला सोनं करायचं होतं, आणि मूत्र पिवळं असतं म्हणजे त्यात सोनं असणार असा हिशोब. बादल्याच्या बादल्या गोळा केलं, कुजवलं, आटवलं, तापवलं (घरच्यांनी काय सोसलं असेल देव जाणे), आणि शेवटी हातात आलं ते सोनं नव्हे तर अंधारात हिरवट चमकणारं मेणासारखं काहीतरी. सोनं-तांबं-लोखंड कुणी शोधलं सांगता येत नाही, पण शोधणारा नावानिशी माहीत आहे असं हे पहिलं मूलद्रव्य. "शी! मामा!" म्हणाली, पण आता फॉस्फरस ती जन्मात विसरत नाही.

मेंडेलीव्हवर मात्र मी जरा जास्तच वेळ बसलो. १८६९ ला ६३ मूलद्रव्यं माहीत होती, हा गडी सेंट पीटर्सबर्गला पोरांसाठी केमिस्ट्रीचं पुस्तक लिहीत होता आणि कुणाला कुणाच्या शेजारी बसवायचं हे जमत नव्हतं. अणुवस्तुमानाप्रमाणं लावत गेला, आणि जिथं गुण जुळेनात तिथं पुढच्याला ओढून भोक बुजवण्याऐवजी जागा रिकामी ठेवली, म्हणाला इथं कोणीतरी आहे, अजून सापडला नाही. त्या रिकाम्या जागांना नावं काय दिली, तर एका-बोरॉन, एका-ॲल्युमिनिअम, एका-सिलिकॉन. एका म्हणजे आपला संस्कृतातला एक! बोरॉनच्या खाली एक घर, ॲल्युमिनिअमच्या खाली एक घर. हे पुस्तकात आहे पण वर्गात कुणी मोठ्यानं वाचून दाखवलं नव्हतं वाटतं, भाची म्हणाली मला ते इंग्लिशच वाटलं.

आणि खरी गंमत पुढं. १८७५ ला फ्रान्समध्ये लकॉक द बॉइसबॉद्राँनं गॅलियम शोधला, घनता काढली ४.७. रशियातनं मेंडेलीव्ह कळवतोय, हा माझा एका-ॲल्युमिनिअम आहे, घनता ५.९ च्या आसपास यायला पाहिजे, सँपल शुद्ध करा आणि परत बघा. ज्यानं तो पदार्थ डोळ्यानं बघितला नाही तो ज्यानं हातानं काढला त्याला सांगतोय! आमच्याकडं पण कस्टमर असे फोन करतात की तुमचं रीडिंग चुकलंय, फरक एवढाच की इथं त्यानं शुद्ध करून परत मोजलं आणि ५.९ आलं. नाद खुळा माणूस. हा गॅलियम ३० डिग्रीच्या आतच वितळतो, म्हणजे कोल्हापुरात एप्रिलमध्ये ड्रॉवरमध्ये ठेवला तर पाणी. आणि जगात तो मुख्यतः मिळतो बॉक्साइटमधनं ॲल्युमिनिअमचा कच्चा माल काढताना, बाजूचा माल म्हणून. राधानगरीकडनं बॉक्साइटचे ट्रक जाताना आपण धुळीला शिव्या देतो, तो मेंडेलीव्हच्या रिकाम्या घराचा कच्चा माल आहे.

आता विजयदुर्ग. डिसेंबरमध्ये आम्ही चार घरं मिळून गगनबावड्यावरनं खाली उतरून गेलो होतो. किल्ल्यात दगडी चौथरे आहेत, साहेबाचे कट्टे म्हणतात, आणि तिथं एकजण सांगत होता की १८६८ साली लॉकियर नावाच्या इंग्रज खगोलशास्त्रज्ञ साहेबानं इथनं ग्रहण बघून हेलियम शोधला. छाती फुगली एकदम. फोटो काढले, स्टेटस ठेवलं. परत आल्यावर वाचायला बसलो तर हिशोबच लागेना. १८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास सूर्यग्रहण झालं हे खरं, पण तेव्हा नॉर्मन लॉकियर इंग्लंडमध्येच होता. त्यानं ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, तिथनंच सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा प्रकाश स्पेक्ट्रोस्कोपमधनं (प्रकाशातले रंग सुटे करून रेषा दाखवणारं यंत्र) बघितला. ग्रहणाच्या दिवशी भारतात होता तो या शोधातला दुसरा वाटेकरी, फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सन, आणि तो होता आंध्रात गुंटूरला. त्याला ग्रहणातच कळलं की त्या ज्वाळांच्या प्रकाशातल्या रंगीत रेषा इतक्या ठळक आहेत की ग्रहण सुटल्यावरही दिसतील, आणि दुसऱ्या दिवशी त्यानं तसंच करून बघितलं. दोघांचीही पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी पोचली, आणि पुढं फ्रान्सनं दोघांचे चेहरे असलेलं पदक काढलं. मग विजयदुर्गचं काय? तर लॉकियर विजयदुर्गला आला होता हे पक्कं, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. कट्टे त्या वेळचे. तोवर हेलियम पृथ्वीवर हातात येऊनसुद्धा तीन वर्षं झाली होती.

स्टेटस तर आधीच उडून गेलं होतं, पण ज्यांना सांगितलं होतं त्यांना परत कोण सांगणार, म्हणून हे लिहितोय. वाईट वाटून घेऊ नका, कारण खरी गोष्ट आपल्या जास्त जवळची निघाली. १८६८ च्या त्या ग्रहणाला रॉयल सोसायटीनं लेफ्टनंट जॉन हर्शेल याला यंत्रं देऊन पाठवलं होतं जमखंडीला! आपली जमखंडी, पटवर्धनांचं संस्थान, कुडचीच्या पुढं. युरेनस शोधला त्या विल्यम हर्शेलचा हा नातू. ऑगस्टचे ढग, पोटात गोळा आला असणार, पण मधे ढग फाटले आणि त्याला रेषा दिसल्या, लाल, नारिंगी, निळी. ती नारिंगी-पिवळी रेषा त्या वेळी बहुतेकांना सोडियमचीच वाटली, कारण सोडियमच्या जोडरेषा तिथंच शेजारी असतात. नंतर नीट मोजल्यावर कळलं की ही थोडी बाजूला आहे, ५८७.६ नॅनोमीटरला, आणि पृथ्वीवरच्या तोवर माहीत असलेल्या कुठल्याच मालाची ही रेषा नाही. हाच तो हेलियम. ग्रहणाची खग्रास सावली त्या दिवशी कोल्हापूरवरनंही गेली, इथं पावसात कुणाला काय दिसलं असेल ते सोडा.

भाचीनं इथं बरोबर प्रश्न टाकला, "पण मामा, रेषेवरनं कसं कळतं?" म्हटलं अगं तेच तर मी रोज करतो. प्रत्येक मूलद्रव्य तापलं की आपल्या ठरलेल्या रंगाचा प्रकाश टाकतं, आमच्या स्पेक्ट्रोत ठिणगी पडली की कार्बनच्या रेषा वेगळ्या, फॉस्फरसच्या वेगळ्या, मशीन त्या मोजतं. बुन्सेन आणि किर्खोफनं हे बसवलं आणि १८६० ला नुसत्या निळ्या रेषांवरनं सिझियम शोधून काढला, तोही झऱ्याच्या पाण्यात. जान्सन आणि हर्शेलनं तेच केलं, फक्त सँपल पंधरा कोटी किलोमीटरवर होतं.

मेंडेलीव्हच्या तक्त्यात मात्र या सूर्यावरच्या गड्याला जागाच नव्हती, रिकामी पण नव्हती, हेलियम, आर्गॉन असल्या वायूंची अख्खी उभी ओळच गायब. ती कशी सापडली तर परत आकड्यावरनं. रॅले नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं बघितलं की हवेतनं काढलेला नायट्रोजन रसायनातनं काढलेल्यापेक्षा अर्धा टक्का जड भरतोय. दुसरा कोणी असता तर काटा चुकला म्हणून सोडून दिलं असतं (मी सोडलं असतं, खोटं कशाला बोलू). रॅले आणि रॅम्झे नावाचा रसायनशास्त्रज्ञ, दोघांनी १८९४ ला त्यातनं आर्गॉन काढला. मेंडेलीव्हलाच ते आधी पटेना, त्याला तो नायट्रोजनचाच प्रकार वाटला. १८९५ ला रॅम्झे अजून आर्गॉन मिळतोय का म्हणून युरेनियमचं एक खनिज उकरत बसला, तर रेषा दिसली ती पिवळी. सूर्यावरची. २७ वर्षांनी.

साडेअकरा वाजले. बहीण फोनवर फोन करत होती. टेस्टला हेलियम आलाच नाही, न्यूलँड्सच्या अष्टकांचे दोष आले, आणि ते आम्ही बघितलेच नव्हते. पण भाची शनिवारी लॅब बघायला आली. स्पेक्ट्रोच्या मागं उभा असलेला काळपट सिलिंडर बघून विचारलं हा कशाला, म्हटलं आर्गॉन, ठिणगी हवेत पाडून चालत नाही, आधी हा सोडावा लागतो. थोडा वेळ त्याच्याकडं बघत उभी राहिली, मग सिलिंडरवरच्या गेजच्या काट्याकडं बोट करून म्हणाली, "मामा, हा संपत आलाय."

खरंच संपत आला होता. ऑर्डर टाकायची राहून गेली होती.