मरायच्या दिवशी शंका मागणारा माणूस

आत्म्याबद्दल ग्रीक काय म्हणाले असं विचारलं की कुणीही प्लेटोचं 'फीडो', म्हणजे त्याचा गुरू सॉक्रेटिसच्या शेवटच्या दिवसाचा संवाद, वाचायला सांगतं, आणि मग आपण त्यात आत्मा अमर असल्याचे पुरावे शोधत बसतो. मला ते पुरावे फारसे पटत नाहीत, स्पष्टच सांगते. जिवंताचा मेलेला होतो, म्हणजे मेलेल्याचाही जिवंत होत असणार, असा एक मुद्दा त्यात आहे, तो वाचतानाच मनात चार प्रश्न उभे राहतात. तरीही हे पुस्तक माझ्याच्याने सुटत नाही, आणि त्याचं कारण पुराव्यांच्या मध्येच जे घडतं ते आहे.

इ.स.पू. 399, अथेन्सचा तुरुंग. मरणाची शिक्षा आधीच झालेली, पण डेलॉस बेटावर गेलेलं पवित्र जहाज परत येईपर्यंत शहरात कुणाचाही जीव घ्यायचा नाही असा नियम, म्हणून सॉक्रेटिस थांबलेला. जहाज येतं. मित्र आत जातात तर त्याच्या बेड्या नुकत्याच काढल्यात आणि हा पलंगावर बसून पाय चोळतोय, आणि चोळता चोळता म्हणतोय की सुख आणि दुःख काय विचित्र जोडी आहे बघा, एक आलं की मागोमाग दुसरं येतंच. संध्याकाळी विष प्यायचंय आणि विचार कसला चाललाय तर दुखणाऱ्या पायाचा!

मग बोलणं आत्म्यावर येतं. थीब्जचे दोन तरुण, सिमियस आणि सेबीज, यांच्या मनात शंका आहेत पण अशा दिवशी कसं बोलायचं म्हणून गप्प आहेत. सॉक्रेटिसच त्यांना बोलतं करतो. सिमियस म्हणतो, लायर या तंतुवाद्याच्या तारा जुळल्या की सुरेल मेळ तयार होतो आणि वाद्य फुटलं की तो मेळही संपतो, आत्मा हा शरीराचा असाच मेळ असला तर? सेबीजचा प्रश्न मला जास्त अवघड वाटतो. म्हातारा विणकर आयुष्यात कितीतरी अंगरखे विणतो नि झिजवतो, पण शेवटचा अंगरखा त्याच्या मागे उरतोच ना, मग आत्म्यानेही अनेक शरीरं वापरली असतील पण एखाद्या शरीराबरोबर तोही संपत नसेल कशावरून?

खोलीतले सगळे खचतात, कारण आत्तापर्यंत पटलेलं सगळं डळमळीत झालं. आणि इथे ती जागा येते. पलंगाजवळ खालच्या स्टुलावर बसलेला तरुण शिष्य फीडो (पुस्तकाचं नाव याच्याच नावावरून), त्याच्या केसांवरून सॉक्रेटिस हात फिरवतो आणि म्हणतो, उद्या तू हे सुंदर केस कापशील बहुतेक (दुःखात केस कापायची तिकडे पद्धत होती). फीडो हो म्हणतो. तर म्हणे नको, आपला युक्तिवाद मेला आणि आपल्याला तो परत उभा करता आला नाही तर आजच काप, मीही कापतो.

हे वाचून दरवेळी मला भरून येतं. हा माणूस स्वतःसाठी रडू नका म्हणतोय, विचार मेला तर रडा म्हणतोय. लगेच पुढे तो बजावतो की माणसांकडून वारंवार फसवणूक झाली की काही जण सगळ्याच माणसांचा तिरस्कार करायला लागतात, तसं युक्तिवादांच्या बाबतीत होऊ देऊ नका. मग तो दोघांना उत्तरं देतो, त्यातलं सिमियसला दिलेलं उत्तर मला चांगलं वाटतं, की मेळ वाद्याच्या विरोधात जाऊ शकत नाही पण तहान लागलेली असतानाही आतून कुणीतरी पिऊ नको म्हणतं. आणि सगळं झाल्यावरही सिमियस म्हणतो माझ्या मनात थोडी शंका आहेच, तर सॉक्रेटिस म्हणतो बरोबर आहे तुझं, आपण सुरुवातीला जे गृहीत धरलं तेही परत तपासायला हवं. चांगलं जगणं म्हणजे काय याचं यापेक्षा मोठं उदाहरण माझ्याकडे नाही.

ॲरिस्टॉटलने पुढे वेगळीच वाट धरली, डोळा हा प्राणी असता तर दृष्टी हा त्याचा आत्मा असता, असं तो म्हणतो, म्हणजे आत्मा ही जिवंत शरीराची क्षमता. पण मरणाच्या बाबतीत खरा उलट टोकाला गेला तो नंतरचा ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस. त्याच्या मते आत्माही अणूंचाच, शरीर गेलं की तो विखुरतो, म्हणजे आपण आहोत तेव्हा मरण नाही आणि मरण आहे तेव्हा आपण नाही, मग भीती कसली. स्वतःच्या मरणापुरतं हे मला पटतं. पण जवळचं माणूस गेल्यावर आपण तर असतोच की, तेव्हा हा युक्तिवाद कितीसा कामाला येणार?

मात्र एपिक्युरसचं शेवटच्या दिवसाचं पत्र वाचा. लघवी अडलेली, हगवण, वेदना असह्य, आणि तो मित्राला कळवतो की आपल्या जुन्या गप्पांच्या आठवणीने मी आनंदात आहे, तू मेट्रोडोरसच्या मुलांकडे लक्ष दे. मेट्रोडोरस हा त्याचा आधीच वारलेला मित्र. एपिक्युरसच्या मृत्युपत्रात मेट्रोडोरसच्या मुलीच्या लग्नाचीसुद्धा सोय आहे. पुढे रोमन लेखक सिसेरोने यावरच बोट ठेवलं, की मेल्यावर आपल्याला काहीच नसतं तर ही काळजी कशाला? हरकत एकदम रास्त आहे, पण मी एपिक्युरसच्या बाजूने आहे, कारण मुलांचं दुःख हे मुलांना होणारच होतं, ते खरं असायला एपिक्युरस जिवंत असण्याची गरज नव्हती.