नासचा 'इल्मॅटिक' आणि अडीच सेकंदांचं गणित

१९ एप्रिल १९९४ ला कोलंबिया रेकॉर्ड्सने 'इल्मॅटिक' हा अल्बम बाजारात आणला. ट्रॅक दहा, त्यातला पहिला म्हणजे पावणेदोन मिनिटांची नांदी. सगळं मिळून चाळीस मिनिटांच्या आत खेळ संपतो. न्यूयॉर्कचा रॅपर नास तेव्हा वीस वर्षांचा होता. रॅपमधला सर्वोत्तम पदार्पणाचा अल्बम कोणता, असं विचारलं की जाणकार हमखास हे नाव घेतात, आणि का असं विचारलं की 'शब्द' म्हणतात. शब्द आहेतच. पण माझ्या मते हा अल्बम उभा आहे तो त्याच्या आटोपशीरपणावर. तो आटोपशीरपणा अर्धा नासचा आणि अर्धा त्या काळच्या यंत्रांचा आहे, म्हणून आधी यंत्रांकडे बघू.

त्या वेळी न्यूयॉर्कमध्ये बीट, म्हणजे रॅपखालचं संगीत, बनवणाऱ्यांच्या टेबलावर साधारण दोनच यंत्रं असायची: ई-म्यूचं एसपी-१२०० नाहीतर अकाईचं एमपीसी-६०. एसपी-१२०० मध्ये आवाज साठवायला जागा एकूण दहा सेकंदांची, आणि एका सँपलला, म्हणजे रेकॉर्डमधून उचललेल्या तुकड्याला, जास्तीत जास्त अडीच सेकंद. आता हिशोब करा. ९० बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ९० ठोक्यांच्या चालीत चार ठोक्यांचा एक बार २.६७ सेकंदांचा होतो. म्हणजे जुन्या जॅझ रेकॉर्डमधला एक आख्खा बारसुद्धा त्यात मावत नाही.

यावरची युक्ती अशी. ३३ आरपीएमची रेकॉर्ड ४५ वर फिरवायची. वेग १.३५ पट होतो, २.६७ सेकंदांचा बार १.९८ सेकंदांत आटपतो आणि अडीच सेकंदांत आरामात बसतो. सँपल घेऊन झालं की यंत्रावर तो आवाज खाली उतरवायचा. इथे एक बारीक गोची आहे. १.३५ पट वेग म्हणजे सुमारे ५.२ अर्धस्वर, आणि यंत्राचा सूर अर्धस्वराच्या पायऱ्यांनीच हलतो. पाच पायऱ्या उतरवल्या तरी उरलेलं ०.२ कानाला खटकतं, विशेषतः दुसऱ्या रेकॉर्डमधली बासलाइन त्यावर ठेवली की. म्हणून सँपल घेतानाच टर्नटेबलचा वेग बदलणारा पिच स्लायडर एखाद टक्का खाली ओढून ठेवायचा. हे विसरलं की पुढचे दोन तास 'काहीतरी बेसूर आहे, पण काय ते कळत नाही' यात जातात.

या उतरवण्याची एक किंमत असते. एसपी-१२०० चं सँपलिंग १२ बिटचं आणि २६ किलोहर्ट्झच्या आसपासचं. आवाज खाली ओढला की वरचा झिलईदार भाग जातो आणि त्याच्या जागी एक खरखर येते, जुन्या पितळी भांड्याला राख लावून घासल्यासारखी. ती मुळात यंत्राची उणीव होती. पण ड्रमवर ती खरखर चढली की स्नेअर (करकरीत आवाजाचा ड्रम) कोरडा आणि जवळचा वाटतो, आणि १९९२ ते ९५ मधल्या न्यूयॉर्कच्या रॅपचा आवाज म्हणून आपण ज्याला ओळखतो त्यात या उणिवेचा मोठा वाटा आहे. आज सॉफ्टवेअरचा प्लगइन लावून ती खरखर विकत मिळते, पण नुसती खरखर चढवून काम भागत नाही. तेव्हा जागाच नव्हती, त्यामुळे नको असलेला एकही ठोका ठेवायची सोय नव्हती. 'इल्मॅटिक'च्या बीटमध्ये किक, स्नेअर, हॅट हे ड्रमचे आवाज, एक लूप (फिरून फिरून वाजणारा तुकडा) आणि खाली बास यापलीकडे फारसं काही सापडत नाही.

बासचीही एक वेगळी रीत होती. अल्बमचा एक निर्माता पीट रॉक एसपी-१२०० च्या जोडीला अकाईचा एस-९५० सँपलर वापरायचा. रेकॉर्डचा तोच तुकडा दोनदा घ्यायचा. एकावर लो-पास फिल्टर लावून वरचं सगळं कापायचं, म्हणजे फक्त घुमणारा खर्ज उरतो. दुसरा तसाच ठेवायचा. दोन्ही एकदम वाजवले की मूळ रेकॉर्डमध्ये पियानोमागे दबलेला बास पुढे येतो. दोन्ही तुकडे अगदी एकाच क्षणी सुटले पाहिजेत. काही मिलिसेकंदांचा फरक पडला तरी लाटा एकमेकींना खातात आणि बास जाड होण्याऐवजी पोकळ होतो.

आता माणसं, म्हणजे बीट बनवणारे निर्माते. डीजे प्रीमियरचे तीन बीट: 'एन. वाय. स्टेट ऑफ माइंड', 'मेमरी लेन', 'रेप्रेझेंट'. लार्ज प्रोफेसरचे तीन: 'हाफटाइम', 'वन टाइम फॉर युअर माइंड', 'इट एन्ट हार्ड टू टेल'. पीट रॉकचं 'द वर्ल्ड इज युअर्स', क्यू-टिपचं 'वन लव्ह', एल. ई. एस.चं 'लाइफ्स अ बिच'. त्याआधी रॅपचा अल्बम म्हटला की बहुतेक वेळा एकच निर्माता किंवा एकच टोळी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. इथे शहरातले पाच कसबी लोक एका पोरासाठी एकत्र आले. ते आले कारण त्यांनी त्याला आधीच ऐकलं होतं. १९९१ मध्ये मेन सोर्स या रॅप गटाच्या अल्बमवरच्या 'लाइव्ह अ‍ॅट द बार्बेक्यू'मध्ये त्याचं पहिलं कडवं आलं, आणि १९९२ मध्ये 'झीब्राहेड' चित्रपटाच्या साउंडट्रॅकवर 'हाफटाइम'. त्या साउंडट्रॅकचं काम रॅपर एमसी सर्च बघत होता. त्यानेच नासला कोलंबियाच्या अधिकारी फेथ न्यूमनपर्यंत नेलं.

पाच निर्माते असूनही अल्बम विस्कळीत का होत नाही? सगळ्यांचे कान एकाच प्रकारच्या रेकॉर्डवर तयार झाले होते, सत्तरीच्या आसपासचं जॅझ आणि सोल. 'द वर्ल्ड इज युअर्स'चा पियानो अहमद जमालच्या 'आय लव्ह म्युझिक'चा. 'वन लव्ह'मध्ये हीथ ब्रदर्सच्या 'स्मायलिन बिली स्वीट'मधला अंगठ्यांनी वाजवायचा आफ्रिकी पियानो टपटपतो. 'एन. वाय. स्टेट ऑफ माइंड'मधला खालच्या पट्टीतला, सरपटत येणारा पियानो ड्रमवादक जो चेंबर्स यांच्या 'माइंड रेन'चा. रेकॉर्ड वेगळ्या, हात वेगळे, पण धूळ एकाच कपाटातली.

'एन. वाय. स्टेट ऑफ माइंड'ची सुरुवात हेडफोन लावून नीट ऐका. बीट सुरू झाल्यावर नास काहीतरी पुटपुटतो, सुरुवात कशी करावी हेच कळत नाही असं म्हणतो, आणि पुढच्याच क्षणी सुटतो. तो आवाज नाटकासाठी केलेला नाही. मॅनहॅटनमधल्या डी अँड डी स्टुडिओत हे रेकॉर्ड झालं, आणि पहिलं कडवं एकाच टेकमध्ये झालं असं प्रीमियरने अनेकदा सांगितलं आहे. रॅपमध्ये नेहमीचं कडवं सोळा बारांचं. हे कितीतरी लांब आहे आणि मध्ये हुकचा, म्हणजे ध्रुवपदाचा, आधार नाही. श्वास कुठे घेतो ते शोधायचा प्रयत्न करा. ओळीच्या शेवटी तो थांबत नाही. वाक्य पुढच्या बारमध्ये ओढून नेतो आणि तिथे मध्येच श्वास चोरतो. ओळीअखेर श्वास घेणाऱ्या रॅपरची प्रत्येक ओळ एकाच जागी आपटते, आणि चार बार झाले की पुढची आपट कधी येणार ते ऐकणाऱ्याला आधीच कळतं. इथे ते कळत नाही.

यमकाचंही तेच. ओळीच्या टोकाला एक शब्द जुळवणं हे सोपं काम. नास दोन-तीन अक्षरांचे गट जुळवतो, आणि ते ओळीच्या पोटात, सुरुवातीला, मध्ये, कुठेही ठेवतो. मोरोपंतांची यमकं ज्यांनी मोठ्याने वाचली आहेत त्यांच्या कानाला हे पटकन कळेल. फरक इतकाच की इथे यमकामागून जिवंत बोलण्याची लय सुटत नाही. 'वन लव्ह' तर चक्क तुरुंगातल्या मित्रांना लिहिलेली पत्रं आहेत. शेवटच्या कडव्यात पत्र संपतं आणि समोर बारा वर्षांचा एक मुलगा येतो, त्याच वाटेला लागलेला. त्याच्याशी नास बोलतो तेव्हा आवाज चढत नाही. मला हे कडवं अख्ख्या अल्बममध्ये सर्वांत जड वाटतं.

हे सगळं घडतं क्वीन्सब्रिजमध्ये. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातली, अमेरिकेतली सर्वांत मोठी सरकारी वसाहत, सहा मजली विटांच्या इमारतींची. नासचा मित्र आणि शेजारी विली ग्रॅहम, म्हणजे 'इल विल', १९९२ च्या मे महिन्यात तिथे गोळीबारात मेला. अल्बममध्ये त्याचं नाव येत राहतं. नासचे वडील ओलू दारा जॅझ वादक. 'लाइफ्स अ बिच'च्या शेवटी कॉर्नेट वाजवतात ते तेच. त्याच गाण्यात एझी हा अल्बमवरचा एकमेव पाहुणा रॅपर आहे. पाहुणा रॅपर एकच, तोही पदार्पणात. आजच्या अल्बमवर आठ-आठ पाहुणे असतात, तेव्हा हे धाडस लक्षात येत नाही.

सँपलच्या परवानग्यांचं थोडक्यात सांगतो, कारण त्यावरूनही अल्बम लहान का राहिला ते कळतं. १९९१ च्या डिसेंबरमध्ये सँपलच्या खटल्यात रॅपर बिझ मार्कीविरुद्ध निकाल लागला आणि न विचारता सँपल वापरणं महाग झालं. प्रत्येक सँपलला दोन परवानग्या लागतात: ध्वनिमुद्रणाची, जी कंपनीकडे असते, आणि रचनेची, जी लिहिणाऱ्याकडे किंवा त्याच्या प्रकाशकाकडे असते. एक मिळाली आणि दुसरी अडली तरी ट्रॅक अडकतो. 'इट एन्ट हार्ड टू टेल'मध्ये मायकल जॅक्सनचं 'ह्यूमन नेचर' आहे. जॅक्सन एपिकचा, नास कोलंबियाचा, आणि दोन्ही कंपन्या सोनीच्या, म्हणजे ध्वनिमुद्रणाचा प्रश्न घरातलाच. त्यात प्रकाशनाआधीच अल्बमच्या चोरट्या कॅसेट गावभर झाल्या. अशा वेळी आणखी चार गाणी जोडत बसायला सवड नसते. दहा ट्रॅकवर थांबण्यामागे ही घाईही होती, आणि ती पथ्यावर पडली.

स्वागत दोन मापांनी मोजलं गेलं आणि दोन्हींचा मेळ बसला नाही. हिप-हॉपच्या 'द सोर्स' मासिकाने पाचपैकी पाच माइक दिले. परीक्षण मिन्या ओ यांनी 'शॉर्टी' या टोपणनावाने लिहिलं होतं. त्या मासिकाचे पाच माइक क्वचितच कुणाला मिळत. दुसरीकडे लॉस एंजेलिस टाइम्सच्या परीक्षणात हा अल्बम शिळ्या पवित्र्यांचा ठरला, आणि त्याची स्तुती म्हणजे हिप-हॉप अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडून हिसकावून घेण्याचा खटाटोप असं म्हटलं गेलं. हे मत मला पटत नाही, पण ते कुठून आलं ते समजतं. १९९३ च्या नोव्हेंबरमध्ये त्याच पश्चिम किनाऱ्यावरच्या स्नूप डॉगी डॉगच्या पदार्पणाने पहिल्याच आठवड्यात आठ लाखांवर प्रती विकल्या होत्या. 'इल्मॅटिक' अल्बमच्या 'बिलबोर्ड २००' या यादीत बाराव्या क्रमांकावर आला, पहिल्या आठवड्यात साठ हजारांच्या आसपास प्रती. चोरट्या कॅसेट कुठल्याही मोजणीत धरल्या जात नाहीत. रस्त्यावर ज्यांनी आधीच ऐकला होता ते त्या आकड्यात नव्हते.

पाच लाख प्रतींचं गोल्ड प्रमाणपत्र मिळायला जानेवारी १९९६ उजाडला, दहा लाखांचं प्लॅटिनम २००१ च्या डिसेंबरमध्ये. ग्रॅमीचं विचाराल, तर रॅप अल्बमसाठी वेगळा पुरस्कारच पहिल्यांदा १९९६ मध्ये दिला गेला. नासचा दुसरा अल्बम १९९६ मध्ये थेट पहिल्या क्रमांकावर आला, आणि तरी लोक म्हणाले की पहिल्यासारखा नाही. हे माप त्याला आजतागायत लावलं जातं. २०१४ मध्ये वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरमध्ये नॅशनल सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर हीच गाणी सादर झाली, आणि २०२१ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत अल्बम घेतला.

अनुकरण मात्र चुकीच्या गोष्टीचं झालं. कंपन्यांनी पाहिलं की पाच नामवंत निर्माते घेतले की टाळ्या मिळतात. मग दहा निर्माते, सीडीवर ७४ मिनिटं मावतात म्हणून अठरा-वीस ट्रॅक, एक गाणं रेडिओसाठी, एक क्लबसाठी. अशा अल्बममध्ये पहिली गोष्ट बिघडते ती ड्रम. एका ट्रॅकचा स्नेअर छातीवर, दुसऱ्याचा पाठीमागे, आणि मास्टरिंगमध्ये, म्हणजे शेवटच्या संस्कारात, आवाजाची पातळी सारखी केली तरी अंतर जाणवत राहतं. रॅपर प्रत्येक बीटवर वेगळा माणूस होतो. नास सगळीकडे एकच माणूस राहतो, त्याच एका गल्लीतला, आणि बीट त्याच्याकडे येतात.

पहिल्यांदा ऐकणार असाल तर शफल बंद करा आणि पाचव्या ट्रॅकनंतर मिनिटभर थांबा. कॅसेट तिथेच उलटायची. पहिल्या बाजूचं नाव 'फोर्टीएथ साइड नॉर्थ', दुसरीचं 'फोर्टी-फर्स्ट साइड साउथ', क्वीन्सब्रिजच्या दोन रस्त्यांवरून. उलटल्यावर लागतं 'मेमरी लेन', रूबेन विल्सनच्या ऑर्गनवर.