कागदी शेअर, फंडाची ऑफर आणि बँकेत अडकलेली एक सही – माझा अनुभव

घरात कुणाकडं अनलिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंद नसलेल्या, कंपनीचे जुने कागदी शेअर असतील तर आधी ते डीमॅट, म्हणजे कागदाऐवजी इलेक्ट्रॉनिक खात्यात, करायला टाका, बाकीचं नंतर वाचा. आमचं काम झालं, पैसे आले, पण त्या बँकेच्या शाखेसमोरून गेलं की अजून डोकं तापतं, म्हणून हे लिहून ठेवतोय. पुढं ज्याला लागेल त्याला उपयोग होईल.

आमचे नाना, म्हणजे वडील, सोलापुरात रंगाचे डीलर होते. सूत रंगवायचे रंग आणि केमिकल, साखर पेठ, अशोक चौक भागातल्या डाईंगवाल्यांना द्यायचे. ज्या कंपनीचा माल ते विकायचे तिनं १९९४ ला आपल्या डीलर लोकांना दहा रुपये दर्शनी किमतीनं शेअर दिले होते. कंपनी पब्लिक लिमिटेड, पण बाजारात कधी लिस्ट झाली नाही. मधे बोनस मिळाला, अधूनमधून डिव्हिडंडचा चेक यायचा, तो नाना न चुकता भरायचे. सर्टिफिकेटं कपाटात, प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये, एकदम व्यवस्थित.

गेल्या वर्षी कंपनीचं पत्र आलं की एका प्रायव्हेट इक्विटी फंडानं (मोठ्या गुंतवणूकदारांचे पैसे घेऊन कंपन्या विकत घेणारा फंड) प्रमोटर, म्हणजे मालक, कुटुंबाचा मोठा हिस्सा घ्यायचा करार केलाय आणि छोट्या भागधारकांनाही त्याच भावात विकता येईल, पण अमुक तारखेच्या आत आणि शेअर डीमॅटमध्येच पाहिजेत. भाव बघून नाना दोन मिनिटं गप्पच बसले. तीस वर्षं सांभाळलेल्या कागदाला कुणीतरी खरी किंमत देत होतं.

हे सध्या बऱ्याच ठिकाणी चाललंय. आधी हे फंड कंपनीत थोडासा हिस्सा घेऊन बसायचे, आता पूर्ण ताबा घ्यायचे सौदे वाढलेत, आणि केमिकल, औषधं असल्या धंद्यांकडं त्यांचं बारीक लक्ष असतं. चार-सहा वर्षं कंपनी चालवायची, वाढवायची आणि मग आयपीओ आणायचा, म्हणजे शेअर पहिल्यांदा बाजारात लोकांना विकायचे, नाहीतर दुसऱ्या कुणाला तरी विकायची. केकेआर ह्या अमेरिकन फंडानं २०२० ला जे. बी. केमिकल्स घेतली आणि २०२५ ला टॉरंट फार्माला विकायचा करार केला, ते अगदी असंच. पण इथं एक फरक नीट समजून घ्या. जे. बी. लिस्टेड कंपनी होती. लिस्टेड कंपनीत कुणी २५ टक्क्यांची रेषा ओलांडली की त्याला सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या, नियमानं बाकीच्यांकडून कमीत कमी २६ टक्के शेअर घ्यायची ओपन ऑफर द्यावीच लागते. अनलिस्टेडला हा नियम नाही. प्रमोटर आणि फंड आपसात करार करून मोकळे झाले आणि तुम्हाला विचारलंच नाही तर तुम्ही फार काही करू शकत नाही. पुढं फंड ९० टक्क्यांवर गेला तर कंपनी कायद्याच्या कलम २३६ खाली तुमचे शेअर घेऊ शकतो, भाव रजिस्टर्ड व्हॅल्युअर ठरवतो, पण तोपर्यंत बसून राहायचं. म्हणून अशी ऑफर आली की ती तारीख हीच सगळ्यात मोठी गोष्ट आहे, आणि आमची सगळी तडफड त्या तारखेसाठीच होती.

कागदी शेअर तसाच का विकता येत नाही असं नाना सारखं विचारायचे. २ ऑक्टोबर २०१८ पासून अनलिस्टेड पब्लिक कंपनीचा शेअर डीमॅट केल्याशिवाय ट्रान्सफरच होत नाही. वारसाच्या नावावर करणं वेगळं, विक्री वेगळी. प्रायव्हेट लिमिटेडनाही, अगदी छोट्या सोडून, डीमॅटची सोय करायला ३० जून २०२५ ची मुदत होती.

नानांचं डीमॅट खातं उघडलं, डीआरएफ, म्हणजे डीमॅट करून मागायचा फॉर्म, भरला, सर्टिफिकेटं डीपीकडं, म्हणजे डीमॅट खातं जिथं उघडलं त्यांच्याकडं, दिली. इथपर्यंत काहीच अडचण नाही. आणि मग मुंबईच्या रजिस्ट्रारकडून, म्हणजे कंपनीच्या भागधारकांच्या नोंदी ठेवणाऱ्याकडून, ज्याला आरटीए म्हणतात, सगळं परत आलं. कारण दोन. नाव जुळत नाही, सही जुळत नाही.

नावाचं सांगतो, कारण सोलापूरच्या पूर्व भागातल्या निम्म्या घरांत हा प्रॉब्लेम निघणार. आम्ही पद्मशाली, घरात तेलुगू. आमच्याकडं जुन्या कागदांवर आडनाव आधी, तेही कधी फक्त इनिशियल, मग स्वतःचं नाव. पॅनवर आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. वर नावाच्या शेवटी जे ‘य्या’ आहे ते सर्टिफिकेटवर इंग्रजीत आय-ए-एच आणि पॅनवर वाय-वाय-ए. माणूस तोच, पत्ता तोच, तीस वर्षं त्याच नावानं डिव्हिडंड पाठवलाय, पण कॉम्प्युटरला दोन माणसं दिसतात. ह्याच्यावर उपाय प्रतिज्ञापत्र, की ह्या दोन्ही नावांची व्यक्ती मीच. ऑक्टोबर २०२४ पासून शंभरच्या जागी पाचशेचा स्टॅम्प झालाय. कोर्टाबाहेर टाईप केलं, नोटरी झाली, मिटलं.

सहीचं मात्र मिटेना. १९९४ ची सही आणि आता सत्तरी ओलांडलेल्या माणसाची सही सारखी कशी येईल, हात थरथरतो. आरटीएनं सांगितलं की बँकेकडून सही अटेस्ट करून आणा. त्यांचा छापील नमुना असतो, त्यावर नानांनी बँक मॅनेजरसमोर सही करायची आणि मॅनेजरनं आपलं नाव, एम्प्लॉयी कोड, शिक्का टाकून लिहून द्यायचं की ही सही आमच्या रेकॉर्डप्रमाणे आहे. सोबत कॅन्सल्ड चेक. एवढंच. पाच मिनिटांचं काम.

नानांचं खातं ज्या शाखेत आहे तिथं ते धंदा सुरू केल्यापासून जातात. कॅश क्रेडिट तिथंच होतं, घराचं कर्ज तिथंच फेडलं. तिथल्या काऊंटरवर पहिलं उत्तर, असलं आम्ही करत नाही. मॅनेजर साहेब मीटिंगला. परत गेलो तर साहेब म्हणाले, हा आमच्या बँकेचा फॉर्मॅट नाही, हेड ऑफिसला विचारावं लागेल. हेड ऑफिसला मेल केला का विचारलं तर करतो म्हणाले. पुढच्या वेळी म्हणाले, पासबुकावर नाव वेगळं आहे, आधी केवायसी अपडेट करा. केलं. ते अपडेट व्हायला वेळ गेला, कारण पॅन स्कॅन करणारी मॅडम रजेवर, मग गड्ड्याची यात्रा आली, सुट्ट्या आल्या. केवायसी झाली तर म्हणाले, आमच्याकडची सही जुनी आहे, नवीन सही कार्ड भरा. भरलं. मग म्हणाले, शेअरचं काम आहे, उद्या काही झालं तर माझ्यावर येईल.

ह्या सगळ्यात नानांना दर वेळी घेऊन जावं लागायचं, कारण सही मॅनेजरसमोर करायची. गुडघे दुखतात, शाखा पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ते बाकड्यावर बसायचे, हातात फाईल, आणि कुणी हाक मारली की लगेच उठायचे. हे बघून मला जे व्हायचं ते मी लिहू शकत नाही. स्वतःच्या खातेदाराची सही ओळखायला बँक तयार नाही आणि बाहेर बोर्ड लावलाय ज्येष्ठ नागरिकांना प्राधान्य. इकडं ऑफरची तारीख जवळ येत होती आणि डीपीवाला रोज फोन करून विचारायचा, झालं का.

शेवटी ज्यानं काम झालं ते सांगतो, हा लेख खरं तर ह्याच्यासाठीच आहे. मी एक साधा अर्ज लिहिला. त्यात खाते नंबर, आरटीएच्या नकाराच्या पत्राची झेरॉक्स, छापील नमुना, ऑफरची शेवटची तारीख, आणि खाली एक ओळ, की सही अटेस्ट करायला बँकेचा नकार असेल तर कृपया कारणासह लेखी द्यावा. दोन प्रती नेल्या, इनवर्डला दिल्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारीख घेतली. आवाज चढवला नाही. शिक्का मारणारा कारकून तो कागद घेऊन आत गेला आणि साहेबांनी आम्हाला स्वतः बोलवलं. नानांना खुर्ची दिली, सही घेतली, कोड टाकला, शिक्का मारला. तोंडी नाही म्हणणं सोपं असतं, लेखी नाही म्हणायला कुणी तयार नसतं. बाहेर पडताना नाना जिन्यात थांबून म्हणाले, हे पहिल्या दिवशी का नाही केलं ह्यांनी. माझ्याकडं उत्तर नव्हतं.

मग नवीन डीआरएफ. एकदा परत आलेला फॉर्म पुन्हा चालत नाही, नवा भरावा लागतो, नवा नंबर पडतो. ह्या वेळी सरळ झालं आणि शेअर खात्यात दिसले. तारखेच्या आत.

विक्रीसाठी डीआयएस स्लिप, म्हणजे शेअर दुसऱ्याच्या खात्यात पाठवायची सूचना, भरली, त्यात कारण आणि रक्कम लिहावी लागते, मोबाईलवर ओटीपी येतो, म्हणून नानांचा नंबर डीमॅटला आधीच नीट जोडून घ्या. ०.०१५ टक्के स्टॅम्प ड्युटी विकणाऱ्याकडून जाते, किरकोळ आहे. स्लिप द्यायच्या आधी पैसे कुठून आणि कधी येणार हे करारात वाचा. आमचे एस्क्रो खात्यातून, म्हणजे व्यवहार होईपर्यंत पैसे तिसऱ्याकडं ठेवलेल्या खात्यातून, आले, म्हणून काळजी नव्हती. नुसत्या ओळखीवर शेअर आधी पाठवून देऊ नका.

आता टॅक्स. दोन वर्षांपेक्षा जास्त ठेवलेला अनलिस्टेड शेअर लाँग टर्म धरतात आणि २३ जुलै २०२४ पासून नफ्यावर १२.५ टक्के, इंडेक्सेशन, म्हणजे महागाईप्रमाणे खरेदी किंमत वाढवून धरणं, नाही. पण शेअर १ एप्रिल २००१ च्या आधीचे असतील तर खरेदी किंमत म्हणून त्या दिवसाची वाजवी किंमत धरता येते, दहा रुपयेच धरायला पाहिजेत असं नाही. आमच्या सीएनं कंपनीचे जुने ताळेबंद मागवून ते काढलं आणि चांगला फरक पडला. बोनसचं वेगळं असतं, २००१ नंतर मिळालेल्या बोनसची किंमत शून्य धरतात, म्हणून कुठलं सर्टिफिकेट कधीचं हे लिहून ठेवा.

मधल्या काळात गावातला एक दलाल घरी येऊन गेला होता. कशाला डीमॅटच्या भानगडीत पडता, मी आहे तसे घेतो, निम्म्या भावात. नाना थकले होते, एक क्षण तयार पण झाले. मी स्पष्ट नाही म्हणलं. कागदी शेअर त्याच्या नावावर होऊच शकत नव्हता, तो कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन बसणार होता. आणि अनलिस्टेड शेअर वाजवी किमतीच्या खाली विकला तर आयकरवाले वाजवी किमतीवरच टॅक्स धरतात. म्हणजे पैसे निम्मे, टॅक्स पूर्ण.

पैसे आल्यावर तोच माणूस परत आला, आता प्री-आयपीओ, म्हणजे आयपीओ यायच्या आधीचे, शेअर घ्या म्हणून. सध्या सोलापुरातही ह्याचं वेड आहे, व्हॉट्सअॅपवर रोज भावाची यादी फिरते. मी त्याला एचडीबी फायनान्शियलचं विचारलं. अनलिस्टेडमध्ये लोकांनी हजार-बाराशेच्या वर घेतले आणि २०२५ च्या जूनमध्ये आयपीओ आला ७०० ते ७४० ला. टाटा कॅपिटलचंही तसंच, आयपीओ ३२६ ला, आधी बाहेर त्याच्या किती तरी वर भाव चालू होता. वर आयपीओच्या आधीचे शेअर सहा महिने लॉक असतात, म्हणजे लिस्टिंगच्या दिवशी विकूही शकत नाही. सेबीनं डिसेंबर २०२४ ला असल्या परवानगी नसलेल्या ऑनलाईन प्लॅटफॉर्मबद्दल लोकांना सावध केलंय. प्रायव्हेट मार्केटमध्ये संधी नाही असं मी म्हणणार नाही, आम्हालाच मिळाली. पण आम्ही होतो विकणाऱ्या बाजूला, आणि समोर भाव लावणारा फंड महिनोन्महिने कंपनीचे हिशोब तपासून आलेला. व्हॉट्सअॅपवरच्या यादीतला भाव कुणी कशावरून ठरवला हे कोण सांगणार.

अशा कंपन्यांत पैसे घालायचा रीतसर मार्ग म्हणजे एआयएफ, सेबीकडं नोंदलेले पर्यायी गुंतवणुकीचे फंड. तिथं कमीत कमी एक कोटी लागतात, पैसे बहुतेक वर्षानुवर्षं अडकतात आणि फंड मागेल तेव्हा टप्प्याटप्प्यानं द्यावे लागतात. देशात ह्या फंडांना लोकांनी कबूल केलेली रक्कम १३ लाख कोटींच्या वर गेलीय. आमची रक्कम तेवढी नाही आणि असती तरी ह्या वयात नानांचे पैसे अडकवले नसते. निम्मे एफडीत, निम्म्यातून बहिणीच्या घराचं काम.

राहिलेल्या गोष्टी, आठवतील तशा. कंपनीच्या शेअरला आयएसआयएन, म्हणजे डीमॅटसाठी लागणारा ओळख नंबर, आहे का हे सगळ्यात आधी बघा, तो नसेल तर डीमॅट होणारच नाही. पब्लिक कंपनी तो काढतच नसेल तर तक्रार आयईपीएफ अथॉरिटीकडं (न घेतलेले डिव्हिडंड आणि शेअर सांभाळणारी सरकारी संस्था) करता येते. डिव्हिडंड सलग सात वर्षं घेतला नसेल तर शेअरच आयईपीएफकडं गेलेले असू शकतात, मग आयईपीएफ-५ चा वेगळा फॉर्म. जोडनावाचं सर्टिफिकेट असेल तर डीमॅट खात्यात तीच नावं पाहिजेत, क्रम उलटा असेल तर ट्रान्सपोझिशनचा, म्हणजे नावांचा क्रम बदलायचा, फॉर्म सोबत द्यायचा. शेजारच्या काकूंचं ह्याच्यावरून परत आलं होतं. आणि डीपीकडं देण्याआधी सर्टिफिकेटच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढा, कारण नंतर त्यावर सरेंडरचा शिक्का बसतो आणि मागच्या बाजूच्या जुन्या नोंदी, फोलिओ नंबर, तारखा, ह्या टॅक्सच्या वेळी लागतात.