नितळ पाणी

तीन आठवडे डोकं दुखतंय, एवढीच त्याची तक्रार. ताप जेमतेम, मान ताठ नाही, सीटी स्कॅन नॉर्मल. दोन ठिकाणी दाखवून झालं होतं, अर्धशिशीच्या गोळ्या चालू होत्या. तोंड उघडायला मात्र कुणी सांगितलं नव्हतं. मी टॉर्च मारला. टाळूवर, गालांच्या आत पांढरा थर. पट्टीनं खरवडला तर सुटून आला, खाली लालभडक.

बायकोला बाहेर बसवून विचारलं. "दीड वर्षापूर्वी एचआयव्हीच्या गोळ्या सोडल्या, मॅडम. बरं वाटत होतं."

त्याच दुपारी पाठीतलं, मेंदू-मज्जारज्जूभोवतीचं पाणी सुईनं काढायला घेतलं. 20 सेंटिमीटरच्या पुढे गेलं की प्रेशर जास्त समजतात. नळीत पाणी चढत चढत 41 वर थांबलं. आणि पाणी कसं, तर अगदी नितळ! पेशी जवळपास नाहीतच. मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाची सूज, म्हटलं की गढूळ पाणी डोळ्यांपुढे येतं. पण पाणी गढूळ करायला पांढऱ्या पेशी धावून याव्या लागतात, आणि याचा सीडी फोर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, होता जेमतेम 38. मानही त्यामुळेच ताठली नव्हती.

तासाभरात लॅबमधून फोन आला, "मॅडम, स्वतः येऊन बघा." इंडिया इंकच्या काळ्याभोर शाईत गोल गोल पेशी, प्रत्येकीभोवती उजेडाचं रुंद कडं. त्या कवचात शाई शिरत नाही. एकीला बारीक कळी फुटलेली. क्रिप्टोकॉकस. बोटाच्या थेंबभर रक्तावर दहा मिनिटांत कळणारी ही बुरशी. डोकं दुखायच्या कितीतरी दिवस आधी तिच्या खुणा रक्तात सापडतात. सीडी फोर इतका खाली गेलेल्या प्रत्येकाची ही तपासणी व्हायलाच हवी, याबद्दल मी आजही भांडते.

अँफोटेरिसिन आणि फ्लुसायटोसिन ही बुरशीवरची औषधं लगेच सुरू केली. त्या दिवशी त्याला उतार पडला तो मात्र 25 मिली पाणी काढल्यानं. डोळ्यांवरचा हात बाजूला करून तो म्हणाला, "आता दिसतंय नीट." पुढे आठवडाभर रोज सुई टोचावी लागली. एकदाही कुरकुरला नाही.

अवघड गेलं ते वेगळंच. "एचआयव्हीच्या गोळ्या आजपासूनच द्या. आता एक दिवस चुकवणार नाही." आणि मला नाही म्हणावं लागलं. चार ते सहा आठवडे थांबायचं. आधीच सुरू केल्या तर जागी झालेली प्रतिकारशक्ती मेंदूभोवती सूज आणते, जीवावर बेततं. गोळ्या सोडल्या म्हणून ज्याच्यावर ही पाळी आली, त्यालाच "अजून घेऊ नकोस" सांगायचं! त्यानं तीनदा विचारलं, मग चिठ्ठीवर माझ्याकडून तारीख लिहून घेतली.

पाचव्या आठवड्यात ओपीडी उघडायच्या आधीच तो दाराशी उभा होता, घडी पडून विरलेली ती चिठ्ठी हातात धरून.