अ‍ॅस्परॅगस, वर्ष तिसरं: 12 नंबर उपटला

मागच्या नोंदीत ‘यंदा काढणी’ असं ठणकावून लिहिलं होतं. अर्धंच खरं ठरलं. 1 ते 8 नंबरच्या क्राउननी (म्हणजे ज्यातून कोंब फुटतात त्या मुळांच्या गड्ड्यांनी) अंगठ्याएवढे जाड कोंब दिले. 9, 10, 11 वर जेमतेम काडीएवढे आणि 12 वर काहीच नाही. ओळ तीच, खत तेच, पाणीही तेवढंच.

पहिला संशय खोलीवर. पण क्राउन फार खोल गेला तर कोंब उशिरा येतात, कमी येतात, बारीक येत नाहीत. मग उपासमार? कोंबाची जाडी यंदाच्या शेणखतावर नाही, गेल्या मोसमात पाल्याने मुळांत काय साठवलं त्यावर ठरते. आणि 9 ते 12 चा पाला गेल्या वर्षी बाकीच्यांच्या महिनाभर आधी पिवळा पडला होता. नोंदवहीत पुढे ‘उन्हाने असेल’ असा शेरा आहे. तिथेच फसगत झाली.

शेवटी 12 उपटला. फावड्याने नाही, खणायच्या काट्याने, म्हणजे मुळं तुटत नाहीत. एरवी पेन्सिलीएवढी टणक असणारी साठ्याची मुळं चिमटीत धरताच चपटी झाली. आत गर नाही, नुसती सालीची नळी. क्राउन उभा चिरला तर गाभ्यात विटकरी डाग. फ्युजेरियम.

ही बुरशी जमिनीत असतेच, मुळाशी पाणी साचलं की तिचं फावतं. म्हणून दोन्ही टोकांना 30 सेंमीचे खड्डे घेतले, पाणी भरून एकदा जिरू दिलं, पुन्हा भरून पट्टी लावली. 1 नंबरपाशी तासाला 6 सेंमी उतरलं, 12 पाशी जेमतेम 1. अडीचच्या खाली निचरा असेल तर अ‍ॅस्परॅगसचा नाद सोडावा. उतार डोळ्यांना दिसत नव्हता, पण लागवडीचा 20 सेंमीचा चर म्हणजे शेवटी पन्हळच की!

ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला दाबणारी मित्रबुरशी) सुचवणाऱ्यांना एवढंच, की तो लागवडीच्या वेळी मुळांना लावायचा. सडलेल्या क्राउनवर ओतणं म्हणजे पाण्यात पैसे.

आता 12 च्या जागी वर्षाचा नवा क्राउन... नाही, हे लिहितानाच खोडतो. फ्युजेरियम त्या मातीत वर्षानुवर्षं टिकतो, नवा क्राउनही तिथेच सडेल. शिवाय विकतचे क्राउन बऱ्याचदा वाळून, कधी रोग घेऊनच येतात. त्यापेक्षा बागेच्या दुसऱ्या टोकाला 30 सेंमी उंच गादीवाफा करून बियाण्यापासून सुरुवात. काढणी एक वर्ष लांबेल, चालेल. बी 24 तास भिजवून 25 अंशांच्या आसपास ठेवलं की दोन-तीन आठवड्यांत उगवतं. ‘जर्सी नाइट’सारखं नर संकरित वाण मिळालं तर उत्तमच. मादी झाडं लाल फळं धरण्यात ताकद घालवतात, वर खाली पडलेल्या बियांची रोपं तणासारखी उपटत बसावी लागतात.

1 ते 8 ची काढणी मात्र झकास. 20 सेंमी उंची, शेंडा घट्ट मिटलेला, बोटाने वाकवला की कट्कन मोडतो आणि मोडल्या जागी पाण्याचा थेंब उभा राहतो. सुरी नको, मातीखाली शेजारचे कोवळे डोळे कापले जातात. पहिलीच काढणी, म्हणून तीन आठवड्यांनी थांबायचं. कोंब पेन्सिलीहून बारीक यायला लागले तर त्याआधीच.

9 ते 11 चा एकही कोंब तोडणार नाही. सगळा पाला वाढू द्यायचा आणि त्या टोकाचं पाणी काढायला उद्या आडवा चर खणायचा.