ट्राउट सोडा, बासवाल्यांकडून शिका

फ्लाय फिशिंग, म्हणजे गळावर केस-पिसं बांधून केलेल्या नकली माशीने (फ्लायने) मासे धरणं, म्हटलं की आपल्याकडे लोकांना हिमाचल-काश्मीरचा ट्राउट मासाच आठवतो, बर्फाचं पाणी आणि नखाएवढी माशी, आणि मग जळगाव-धुळ्याकडे हे चालणारच नाही असं धरून बसतात. मला वाटतं आपण मासाच चुकीचा बघतोय. बघायचाच तर अमेरिकेतला स्मॉलमाउथ बास बघा. तो आपल्याकडे नाही, आणि आणून सोडायचं तर डोक्यातही आणू नका, दक्षिण आफ्रिकेत १९३७ मध्ये सोडला तर तिथल्या नद्यांमधले छोटे मासे खाऊन संपवत आणले त्याने. पण राहतो कुठे, तर दगडगोट्यांच्या नदीत नि तलावात, आणि खातो क्रेफिश नि बारके मासे. म्हणजे आपली तापी-गिरणाच की! क्रेफिशच्या जागी खेकडा नि झिंगा धरा.

सगळ्यात कामाची चीज म्हणजे क्लाउझर मिनो नावाची फ्लाय. बॉब क्लाउझर यांनी १९८०च्या दशकात पेनसिल्व्हेनियातल्या सस्क्वेहाना नदीवर ती बाससाठीच बांधली. गळाच्या दांडीवर जड धातूचे दोन डोळे, त्यामुळे ओढणं थांबवलं की तोंड खाली करून बुडते, परत ओढलं की उसळते, आणि गळाचं टोक वर राहतं म्हणून खडकात कमी अडकते. रॉड ६ नाहीतर ७ वेटचा घ्या (वेट म्हणजे दोरीच्या वजनाचा आकडा, मोठा तेवढा रॉड दणकट), ट्राउटचा नाजूक रॉड ही फ्लाय फेकताना रडवतो.

काठावरच्या आप्पांना मात्र हे काही पटत नाही. "गांडूळ बिगर मासा कसा लागी रे भो?"

मरळीला पॉपर, म्हणजे ओढली की पाण्यावर आवाज करणारी तरंगती फ्लाय, चालतो, ती हवा घ्यायला वर येतेच. पण पावसाळ्यात लालसर पिल्लांचा घोळका दिसला की तिथे टाकू नका, खाली आईबाप राखणीला असतात. तिकडे बासचा नरही वसंतात गोट्यांमध्ये घरटं करून असाच पहारा देतो, आणि जाणते लोक त्याला सोडून देतात. तसंही गढूळ पाण्यात मजा नाही, पाणी निवळलं की निघा. धरणावर मासेमारीचा ठेका असतो, आधी विचारून घ्या.

राहिले फ्लाय बांधायचे केस. मूळ क्लाउझर हरणाच्या शेपटीच्या केसांची, आपल्याकडे १९७२चा वन्यजीव कायदा आहे, सो ते विसरा. बोकडाच्या शेपटीचे लांब केस मस्त चालतात, मटणवाला फुकट देतो, फक्त "याची भाजी करता का?" एवढं ऐकून घ्यावं लागतं.